रंग पालटणाऱ्या त्या ‘दिव्या’चे रहस्य

डिसेंबरमधील एखादी निरभ्र रात्र. जेवणखाण आटोपून गच्चीवर आलेल्या कोणाचे तरी लक्ष पूर्वेकडच्या इमारतींच्या वर जाते. पाण्याच्या टाक्यांच्या रांगेवर, फारशा उंचीवर नसलेला एक प्रखर ठिपका लखलखत असतो. क्षणात तांबडा, क्षणात हिरवा, लगेच निळा आणि पुन्हा पांढरा. विमान म्हणावे तर तो पुढे सरकत नाही आणि मनोऱ्यावरचा दिवा म्हणावा तर त्या दिशेला मनोराच नाही. हळूहळू शेजारीपाजारी जमतात. कोणी ड्रोन म्हणतो, कोणी उपग्रह, तर कोणी त्याहूनही अद्‌भुत असे काही सुचवतो. एखादा उत्साही तरुण मोबाइलवर चित्रफीत घेतो. तिच्यात तो ठिपका फुगून थरथरणाऱ्या रंगीत गोळ्यासारखा दिसतो आणि रात्र सरण्यापूर्वी ती चित्रफीत शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते.

आकाशनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. थंडीचे दिवस सुरू झाले की त्यांच्याकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तरही एकच असते. तो दिवा म्हणजे व्याध. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. तो आज प्रकट झालेला नाही; माणूस आकाशाकडे पाहू लागला तेव्हापासून तो तेथेच आहे. रंग पालटण्याची किमया मात्र त्याची नाही, ती आपल्या डोक्यावरच्या हवेची आहे.

मृगाचा पाठलाग करणारा शिकारी

व्याधाची ओळख पटवण्यासाठी दुर्बिणीची गरज नाही. मृग नक्षत्राचे चार ठळक तारे हे हरणाचे चार पाय आणि त्यांच्या मधोमध एका रेषेत असलेले तीन तारे म्हणजे हरणाच्या पोटात रुतलेला बाण, अशी आपल्याकडची कल्पना आहे. मृगरूप घेऊन रोहिणीच्या मागे धावणाऱ्या प्रजापतीवर शिकाऱ्याने हा बाण सोडला, अशी कथा सांगितली जाते. या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला वाढवली की ती रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ पोहोचते. दुसऱ्या बाजूला वाढवली की व्याधाजवळ. हात पुढे ताणून मूठ वळली, तर तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. तीन ताऱ्यांपासून व्याध अशा दोन मुठींवर आहे. उगवताना ही रेषा जवळजवळ उभी असते, त्यामुळे मृग आधी वर चढलेला दिसतो आणि सुमारे सव्वा तासाने त्याच्या खालून व्याध डोके वर काढतो.

महाराष्ट्रातून पाहता व्याध पूर्व आणि आग्नेय या दिशांच्या दरम्यान उगवतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो रात्री अकराच्या सुमारास, डिसेंबरच्या आरंभी नऊच्या सुमारास, तर जानेवारीच्या आरंभी संध्याकाळी सातलाच क्षितिजावर येतो. नेमके याच काळात, याच दिशेला आणि याच वेळी ‘रंगीत दिवा’ दिसल्याच्या वार्ता कानी येतात, हा योगायोग नव्हे. फेब्रुवारीत संध्याकाळी अंधार पडताना तोच तारा बराच वर आलेला असतो आणि त्या वेळी त्याच्याविषयी कोणी काही विचारत नाही. कारण तेव्हा तो एक तेजस्वी, निळसर पांढरा तारा असतो, इतकेच.

तारा स्थिर, हवा अस्थिर

व्याध आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे पृष्ठतापमान दहा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याचा प्रकाश निळसर पांढरा आहे. या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात. अवकाशातून येताना हे रंग एकत्रच असतात. पृथ्वीच्या वातावरणात शिरल्यावर मात्र त्यांची वाट बिकट होते.

वातावरण म्हणजे काचेसारखा एकजिनसी थर नव्हे. त्यात कमीअधिक उष्ण, कमीअधिक दाट हवेचे असंख्य पुंजके सतत हलत, मिसळत असतात. दाट हवेतून जाताना प्रकाश जरा अधिक वळतो, विरळ हवेतून जरा कमी. त्यामुळे हवेचा प्रत्येक पुंजका एखाद्या सदोष भिंगासारखा वागतो. तो कधी ताऱ्याचा प्रकाश डोळ्यावर एकवटतो, कधी बाजूला फेकतो. तारा एका क्षणी उजळ आणि दुसऱ्या क्षणी मंद भासतो, त्यालाच आपण लुकलुकणे म्हणतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून किंवा पेटलेल्या शेगडीच्या वरून पलीकडे पाहिले की समोरचे दृश्य थरथरते, तोच हा प्रकार.

रंगांचा खेळ यानंतर सुरू होतो. निळा प्रकाश हवेत तांबड्यापेक्षा किंचित अधिक वाकतो. तारा क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश तिरका येतो आणि वातावरण लोलकासारखे काम करते. परिणामी एकाच क्षणी डोळ्यापर्यंत पोहोचणारे निळे आणि तांबडे किरण वरच्या हवेतून अगदी एकाच वाटेने आलेले नसतात. त्यांच्या वाटांत थोडे अंतर पडलेले असते. म्हणजेच त्यांना वाटेत हवेचे वेगवेगळे पुंजके भेटतात. एका क्षणी तांबडा प्रकाश डोळ्यावर एकवटतो आणि निळा भरकटतो, तेव्हा तारा लालभडक दिसतो. लगेच पुढच्या क्षणी उलट घडते आणि तो निळा चमकतो. हे सेकंदाला अनेकदा घडते. ताऱ्याने जणू रंगीत काचा फिरवाव्यात, तसा भास होतो.

क्षितिजाजवळच हे का घडते, याचे उत्तर साध्या मापात आहे. थेट डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश जेवढी हवा ओलांडतो तिला एक पट मानले, तर ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याच्या वाट्याला दुप्पट हवा येते, १० अंशांवर साडेपाच पटींहून अधिक आणि अगदी क्षितिजावर सुमारे ३८ पट. शहरात त्यात आणखी भर पडते. दिवसभर तापलेल्या गच्च्या, भिंती आणि रस्ते रात्री उष्णता सोडत राहतात आणि त्यांच्यावरची हवा अस्वस्थ राहते. नेमक्या त्याच छपरांवरून उगवणारा व्याध मग थयथयाट करताना दिसला, तर नवल नाही.

मग इतर तारे असे रंग का उधळत नाहीत? तत्त्वतः तेही उधळतात. परंतु मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग नीटसे कळत नाहीत. अंधूक तारा फक्त पांढरा लुकलुकतो. व्याधाचे तेज इतके आहे की त्याच्या तुकड्या तुकड्यांनी येणाऱ्या प्रकाशातूनही रंग ओळखू येतात. तशात त्याचा मूळ प्रकाश पांढरा, म्हणून सर्व रंगांची रेलचेल. मृगातील काक्षी हा तांबूस तारा लुकलुकतो, पण त्याच्यात निळ्याचा वाटाच कमी असल्याने ही रंगांची उधळण तो करू शकत नाही.

व्याधाचे भाऊबंद

वर्षभरात आणखी काही तारे अशीच फसगत करतात. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवणारा ब्रह्महृदय, मार्चच्या अखेरीस साधारण त्याच वेळी पूर्वेकडून थोडा उत्तरेला वर येणारा स्वाती, ही त्यांतली ठळक नावे. अगस्तीची गोष्ट तर आणखी वेगळी. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा दक्षिणेकडे इतका दूर आहे की मुंबईहून तो कधीही सुमारे १८ अंशांपेक्षा, म्हणजे दोन मुठींहूनही वर येत नाही. त्यामुळे हिवाळ्यातील रात्री दक्षिण क्षितिजावर रंग पालटत राहणे त्याला जणू भागच पडते.

ग्रहांचे वर्तन निराळे आहे. तारे प्रचंड मोठे असले तरी इतके दूर आहेत की आपल्या दृष्टीने ते केवळ बिंदू ठरतात. ग्रह जवळ असल्याने, डोळ्यांना बिंदूसारखे भासले तरी, त्यांची लहानशी तबकडी असते. तबकडीच्या एका भागाकडून येणारा प्रकाश भरकटला, तर दुसऱ्या भागाकडून येणारा ती उणीव भरून काढतो. म्हणून शुक्र आणि गुरू शांत, अचल तेजाने तळपतात. ‘लुकलुकतो तो तारा, न लुकलुकतो तो ग्रह’ हा शाळेत शिकवला जाणारा नियम म्हणूनच बहुतांशी खरा ठरतो. बहुतांशी एवढ्यासाठी, की क्षितिजाला टेकलेला शुक्रही कधी कधी तांबूस-हिरवट झाक दाखवतो. मात्र शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून अधिक दूर जात नसल्याने आपल्याकडे तो मध्यरात्री कधीच दिसत नाही. रात्री बारा वाजता दिसलेली प्रखर वस्तू आणखी काहीही असू शकेल, पण ती शुक्र नव्हे.

‘तो हलत होता’

अशा घटनांत साक्षीदार हमखास आणखी एक गोष्ट सांगतात. तो दिवा नुसता चमकत नव्हता, तर इकडेतिकडे सरकत होता, मध्येच थबकत होता. असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. काळोख्या पार्श्वभूमीवर एकच तेजस्वी बिंदू टक लावून पाहिला, की थोड्याच वेळात तो हलू लागल्याचा भास होतो. आपले डोळे सतत सूक्ष्म हालचाली करत असतात आणि तुलनेसाठी जवळ काहीच नसल्यामुळे हालचाल कोणाची, हे मेंदूला ठरवता येत नाही. प्रख्यात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १७९९ साली टेनेरिफ बेटावर असे डोलणारे तारे पाहिले आणि ती हालचाल खरीच मानली. ती ताऱ्यांत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, हे पुढे स्पष्ट झाले. हुम्बोल्टसारख्या मुरलेल्या निरीक्षकाला जे चुकवते, ते सामान्य माणसाला चुकवेल यात त्याचा दोष नाही.

मोबाइलच्या चित्रफितीही अशाच दिशाभूल करतात. दूरचा बिंदू मोठा करून दाखवताना कॅमेऱ्याला नेमका फोकस साधता येत नाही. ताऱ्याचा बिंदू पसरून गोल चकती होते, तिच्यात वातावरणाची थरथर आणि हाताचा कंप मिसळतो आणि पडद्यावर ‘श्वास घेणारा गोळा’ अवतरतो. कॅमेऱ्याने काही लपवलेले नसते. पण जे दाखवले ते आकाशातले नसते.

लडाखच्या सीमेवरील धडा

अशी गफलत नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमाभागात तैनात असलेल्या भारतीय जवानांनी आकाशातील प्रकाशमान वस्तूंच्या तीनशेहून अधिक नोंदी केल्या. एक वस्तू संध्याकाळी क्षितिजावर येई आणि पहाटेपर्यंत दिसत राही. दुसरी पहाटे उगवे आणि उजाडल्यावरही काही काळ दिसे. त्या पलीकडून पाठवलेल्या टेहळणीच्या ड्रोन असाव्यात, हा संशय त्या ठिकाणी आणि त्या परिस्थितीत अवाजवी नव्हता. अखेरीस बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. वस्तूंच्या दिशा, उंची आणि वेळा यांच्या नोंदी ताऱ्यांच्या गतीशी ताडून पाहिल्यावर निष्कर्ष निघाला की एक गुरू आहे आणि दुसरा शुक्र. जुलै २०१३ मध्ये ही हकिकत वृत्तपत्रांतून सर्वांना कळली.

त्या वेळी काहींनी याची थट्टा केली. वस्तुतः यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह सपाटीपेक्षा अधिक झगझगीत दिसतात आणि शहरांच्या झगमगाटात वाढलेल्या डोळ्यांना त्यांची सवय नसते. जवानांनी जे दिसले ते नोंदवून ठेवले, म्हणूनच उलगडा होऊ शकला. सीमेवरच्या संशयाचे रूपांतर कशात होऊ शकते, हे लक्षात घेतले तर गुरू आणि शुक्र ओळखता येणे ही केवळ हौस राहत नाही.

घरच्या घरी तीन कसोट्या

लडाखमध्ये जी पद्धत उपयोगी पडली, तीच गच्चीवरही वापरता येते. पहिली कसोटी स्थिरतेची. भिंतीला किंवा खांबाला टेकून उभे राहावे आणि तो प्रकाश एखाद्या छपराच्या कडेशी किंवा विजेच्या तारेशी जुळवून घ्यावा. डोळ्यांचा भास तेथेच संपतो. तारा असेल तर तो वेडावाकडा सरकत नाही; पंधरा-वीस मिनिटांनी मात्र सारे आकाश जसे सरकते तसाच तो पूर्वेकडून सावकाश वर चढलेला आढळतो. शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे अंतर तसूभरही बदलत नाही.

दुसरी कसोटी उंचीची. दोन-तीन तास थांबून पुन्हा पाहावे. प्रकाश तीन-चार मुठी वर आला आणि त्याचे रंग ओसरून पांढरे तेज उरले, तर ती हवेचीच करामत होती. ड्रोनचे वा मनोऱ्याचे दिवे उंचीनुसार रंग सोडत नाहीत.

तिसरी कसोटी दुसऱ्या दिवसाची. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. आठवड्यात हा फरक जवळजवळ अर्ध्या तासाचा होतो. त्याच जागेवरून पाहता प्रकाश दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी त्याच छपराच्या कडेवर आला, तर शंकेला जागा उरत नाही. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू ताऱ्यांच्या या घड्याळाबरहुकूम नेमाने उगवत नाही.

छोटी द्विनेत्री असेल तर एक गमतीचा प्रयोगही करता येतो. ती डोळ्यांना लावून हलकेच गोल फिरवावी. ताऱ्याचा बिंदू प्रकाशाच्या रेषेत पसरतो आणि त्या रेषेवर तांबडे, हिरवे, निळे मणी ओवल्यासारखे दिसतात. डोळ्यांपुढे एकामागून एक येणारे रंग अशा रीतीने शेजारी शेजारी मांडले जातात.

या कसोट्यांना जे उतरत नाही, ते अर्थातच दुसरे काहीतरी असते. विमानाला डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि जोडीला उघडमीट करणारे दिवे असतात. विमान थेट आपल्या दिशेने येत असेल तर काही मिनिटे जागीच थांबल्यासारखे वाटते; मात्र फार वेळ नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक न लुकलुकता, काही मिनिटांत आकाश ओलांडते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच विझते. एकामागोमाग एक रांगेने जाणारे ठिपके म्हणजे बहुधा स्टारलिंकचे उपग्रह; ते २०१९ पासून दिसू लागले आहेत. हवेत सोडलेला कागदी कंदील नारिंगी असतो, वाऱ्याबरोबर जातो आणि थोड्या वेळात मालवतो.

खरोखरच असाधारण घटनाही घडतात. २ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आणि मध्य प्रदेशातून जळत जाणारे लोळ दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले आढळले. तो एका चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असा अंदाज जाणकारांनी वर्तवला. ती घटना थोडाच वेळ टिकली, प्रकाश आकाशात स्पष्टपणे पुढे सरकत गेला आणि तो पुन्हा दुसऱ्या रात्री त्याच जागी दिसला नाही. रोज येणाऱ्या पाहुण्यात आणि एकदाच येऊन जाणाऱ्यात हा फरक आहे. अशा वेळी वेळ, दिशा, मुठींच्या मापाने उंची आणि किती सेकंद दिसले, एवढे लिहून ठेवणे कोणत्याही चित्रफितीपेक्षा मोलाचे ठरते. पुण्यातील १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईतील खगोल मंडळ यांसारख्या संस्थांतील अभ्यासकांना अशा नोंदीवरून बरेच काही सांगता येते.

खगोलशास्त्रज्ञांची डोकेदुखी

गच्चीवरच्या प्रेक्षकाला जो रंगीत तमाशा वाटतो, तो खगोलशास्त्रज्ञाला अडथळा वाटतो. हवेच्या थरथरीमुळे दुर्बिणीतील प्रतिमा पुसट होते. न्यूटनने ‘ऑप्टिक्स’ या १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे ओळखले होते. दुर्बीण कितीही उत्तम घडवली तरी हवेच्या कंपावर तो उपाय नव्हे. शांत हवा हवी आणि ती कदाचित उंच पर्वतांच्या माथ्यावर मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. आज लडाखमध्ये हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर भारताची वेधशाळा उभी आहे, ती याच कारणाने. पुण्याच्या ‘आयुका’ने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण शहरापासून दूर, आंबेगाव तालुक्यातील गिरवलीच्या डोंगरावर बसवली, २००६ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. मोठ्या दुर्बिणींमध्ये आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा किंचित बदलून हवेची खोडी तत्क्षणी दुरुस्त करण्याचे तंत्रही वापरले जाते. वातावरणाच्या बाहेर गेलेल्या अंतराळवीरांना मात्र तारे मुळीच लुकलुकताना दिसत नाहीत.

शहरांच्या उजेडाने आकाशातील बहुतेक तारे पुसून टाकले आहेत. जे मोजके उरले त्यांचीही ओळख राहिलेली नाही, म्हणून व्याधासारखा जुना शेजारी आज परका वाटतो आणि त्याच्या नावाने अफवा उठतात. ज्या मृगाच्या आधाराने लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांच्या काळाचा विचार मांडला, त्याच मृगाच्या मागे हा तारा दर हिवाळ्यात शहरांच्या छपरांवर येतो. त्याचा प्रकाश साडेआठ वर्षे अवकाशातून निर्विघ्न प्रवास करून येतो आणि शेवटच्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात, आपल्याच हवेत, रंगांत विखुरतो. पुढच्या वेळी गच्चीवर गर्दी जमली, तर मृगातील तीन ताऱ्यांची रेषा खाली ओढून दाखवणारा एक जण तीत असला, तरी पुरेसे आहे.